वकिलीचें शिक्षण : घ्यावें काय, आणि कोठें?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी म्हण मराठींत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती पक्षकाराला उद्देशून आहे हें उघड आहे. वकिलाला ती लागू पडत नाहीं, कारण त्याचें सारें आयुष्यच त्या पायरीवर जावयाचें असतें. म्हणूनच त्या वाटेनें जाण्याचा विचार ज्या घरांत चालला असेल, त्या घरानें पक्षकारापेक्षांहि कांहींसें अधिक शहाणपण दाखवावयास हवें.

उन्हाळ्यांत बारावीचे निकाल लागतात आणि मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक अशा शहरांतील कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला कायदा शिकावयाचा आहे, मग तिला घालावयाचें कोठें? काका बंगळूरचें नांव घेतात, मामांना पुण्यावांचून दुसरें महाविद्यालय ठाऊक नसतें, आणि शेजारच्या गृहस्थांच्या मतें मुंबई सोडून कायदा शिकणें म्हणजे समुद्र सोडून पोहणें शिकणें होय. चर्चा रंगते खरी, परंतु तिची सुरुवातच मधून झालेली असते. कोठें शिकावें हा प्रश्न दुसरा आहे. मुळांत कायदा शिकावा कीं नाहीं, हा पहिला प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. आणि तो न विचारल्याची किंमत पांच वर्षांनंतर, म्हणजे पैसा व उमेद दोन्ही खर्ची पडल्यावर, द्यावी लागते.

कायद्याकडे वळण्याचीं कारणें ऐकावयास गेल्यास तीं तीनचारच निघतात. "तो वाद फार सुरेख घालतो" हें त्यांतलें सर्वांत लोकप्रिय. वक्तृत्वाच्या स्पर्धेंत ढाल मिळविणारा आणि घरीं आजोबांना निरुत्तर करणारा मुलगा दिसला कीं नातेवाईक मनांतल्या मनांत त्याच्या अंगावर काळा डगला चढवून मोकळे होतात. दुसरें कारण असें कीं गणित नको. तिसरें, वैद्यकीला जागा मिळाली नाहीं. चौथें कारण अन्यायाविरुद्ध लढण्याचें. तें निदान उदात्त तरी आहे. पण अन्यायाविरुद्ध लढण्यासाठीं आधीं भाडेकराराचीं चाळीस पानें वाचावीं लागतात, याची कल्पना तें सांगणाऱ्यास क्वचितच असते.

वकिलाच्या कामांत बोलणें हा फार लहान भाग आहे. दिवाणी वकिलाचा दिवस बहुतेक वाचण्यांत आणि लिहिण्यांत जातो. सातबाराचे उतारे, खरेदीखतें, वाटणीपत्रें, मृत्युपत्रें, बँकांचे करारनामे हें त्याचें रोजचें अन्न. एखाद्या कलमांत "आणि" आहे कीं "किंवा" आहे, एवढ्यावर एखाद्याचें राहतें घर जातें किंवा राहतें. उलटतपासणींतहि निष्णात वकील मोजकेच प्रश्न विचारतो. एक प्रश्न अधिक विचारल्यामुळें हातचा खटला गेल्याच्या गोष्टी प्रत्येक बाररूममध्यें ऐकावयास मिळतात. आणि उरलेला वेळ जातो तो वाट पाहण्यांत. देशांतील जिल्हा व तालुका न्यायालयांत तुंबलेल्या प्रकरणांची संख्या चार कोटींवर गेलेली आहे. ज्याच्या अंगीं धीर नाहीं, त्याचें वक्तृत्व कितीहि ओघवतें असलें तरी तें पुढच्या तारखेपर्यंत टिकत नाहीं.

तेव्हां मुलाचा कल ओळखावयाचा कसा? त्यासाठीं शिकवणीवर्गाची जरूरी नाहीं. घराच्या कपाटांत खरेदीखत पडलेलें असतें. तें नसेल तर गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींची पुस्तिका तरी असतेच. ती मुलाच्या हातीं द्यावी आणि दोन तासांनीं चार साधे प्रश्न विचारावे. गच्चीवर हक्क कोणाचा? थकलेल्या वर्गणीवर व्याज लावतां येतें काय? सभासद वारल्यास घर कोणाच्या नांवें होतें? आणि हें सारें कोणत्या कलमांत सांगितलें आहे? ज्या मुलाला हा शोध घेण्यांत गोडी वाटली, एवढेंच नव्हे तर दोन कलमें एकमेकांशीं जुळत नाहींत असें ज्यानें आपण होऊन दाखवून दिलें, त्याच्या ठिकाणीं कायद्याचें बीज आहे असें खुशाल समजावें. दहाव्या मिनिटाला ज्याला जांभई आली त्याच्यावर रागावण्याचें कारण नाहीं. जगांत इतर पुष्कळ उद्योग आहेत.

दुसरी परीक्षा न्यायालयांतच घ्यावी. बंद दाराआड चालणारीं थोडीं प्रकरणें सोडलीं तर न्यायालयाचें कामकाज सर्वांस खुलें असतें, आणि मागच्या बाकावर शांतपणें बसून तें ऐकण्यास कोणाची ना नसते. तीन दिवस तेथें बसावें. चित्रपटांतल्याप्रमाणें टेबलावर मूठ आपटणारा वकील तेथें दिसणार नाहीं. दिसेल तो, बगलेंत फायलींचा गठ्ठा घेऊन एका दालनांतून दुसऱ्या दालनांत धांवणारा, पुकारा होतांच दोन मिनिटांत पुढची तारीख घेऊन परतणारा, आणि व्हरांड्यांत एखाद्या शेतकऱ्याला त्याच्याच दाव्याचा अर्थ तिसऱ्यांदा समजावून सांगणारा माणूस. हें पाहूनहि ज्याला चौथ्या दिवशीं पुन्हा तेथें जावेंसें वाटलें, त्याच्याविषयींच पुढचा विचार करावा.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कायदा शिकणें आणि वकिली करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. लोकमान्य टिळकांनीं १८७९ सालीं कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीला आयुष्य वाहिलें नाहीं. कायद्याचे खासगी वर्ग मात्र पुण्यांत चालविले, आणि १९०८ च्या खटल्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयांत स्वतःचा बचाव स्वतःच केला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे उच्च न्यायालयांत वकिली करीत असतांनाच धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहीत होते, आणि त्या विद्वत्तेसाठीं १९६३ सालीं भारतरत्न हा किताब त्यांस मिळाला. कायद्यानें बुद्धीला जें वळण लागतें तें प्रशासन, वृत्तपत्र, बँक, विमा, कामगार-संघटना अशा कोणत्याहि क्षेत्रांत कामास येतें. परंतु केवळ वळणासाठीं पांच वर्षें आणि कित्येक लाख रुपये खर्च करावे काय, हा ज्याचा त्यानें घरची स्थिति पाहून सोडवावयाचा प्रश्न आहे.

कायदा कोठें शिकावा आणि शिकून काय साधावें, या दोन्ही प्रश्नांची अत्यंत कडवी परीक्षा एका महाराष्ट्रकन्येच्या वाट्यास आली होती. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून त्या उत्तम रीतीनें पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ति त्यांना गुणांच्या बळावर मिळावयाची, ती स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. पुढें इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली; तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाहि वांटा होता. १८८९ मध्यें त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल येथें दाखल झाल्या, आणि १८९२ सालीं तेथील कायद्याच्या उच्च परीक्षेस बसणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाहीं. विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांना पदवीच देत नसे. ती त्यांच्या हातीं पडावयास १९२२ साल उजाडलें. तीस वर्षें! मधल्या काळांत त्या हिंदुस्थानांत परतल्या, मुंबईची एल्एल्. बी. झाल्या, आणि तरीहि न्यायालयांत वकील म्हणून उभें राहण्याचा हक्क स्त्रियांना देणारा कायदा १९२३ पर्यंत झाला नाहीं. त्या बसून राहिल्या नाहींत हें विशेष. बंगाल्यांतील कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें १९०४ पासून पडदानशीन स्त्रियांच्या व अज्ञान मुलांच्या मालमत्तेचें रक्षण करण्याचें काम त्यांनीं पत्करिलें, आणि तेथें त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाचा उपयोग ज्यांना झाला, त्या स्त्रियांस पुरुष वकिलाचें तोंडहि पाहतां आलें नसतें. ज्या घरांत अजूनहि "मुलीला वकिली कशाला" असा सूर निघतो, तेथें ही हकीकत अवश्य वाचून दाखवावी.

दुसरें उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचें. तें वाचकांस परिचित आहे, तथापि त्यांतील एक बाजू पैशाच्या हिशेबासाठीं मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९१६ सालीं त्यांनीं लंडनच्या ग्रेज इनमध्यें नांव घातलें. परंतु बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा साठविला, कांहीं मित्राकडून उसना घेतला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य झालें, आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्यें ते बॅरिस्टर झाले व पुढच्या वर्षीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत त्यांनीं वकिलीस आरंभ केला. त्यानंतर काय झालें? एवढ्या पदव्या, एवढी विद्वत्ता. पण जातीमुळें मोठे सॉलिसिटर त्यांच्याकडे काम आणीनात. बाटलीबॉय यांच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकवून त्यांनीं कांहीं काळ आपला चरितार्थ सांवरला. पुढें ज्या सरकारी लॉ कॉलेजांत ते १९३५ मध्यें प्राचार्य झाले, तेथेंहि आधीं त्यांनीं अर्धवेळ अध्यापन केलें होतें. वकिलीचीं पहिलीं वर्षें थोरामोठ्यांसहि कशीं जातात, हें यावरून दिसून येतें. जातीची भिंत त्यांच्यापुढें होती ती वेगळीच. पण ज्याच्या घराण्यांत कोणी वकील नाहीं आणि ज्याच्या ओळखीचा एकहि सॉलिसिटर नाहीं, अशा प्रत्येक तरुणाला त्या वर्षांची थोडीबहुत चव चाखावीच लागते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे. महाराष्ट्रांत कायद्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचा आरंभ १८५५ सालचा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याहि दोन वर्षें आधींचा. पुण्यास इंडियन लॉ सोसायटीचें महाविद्यालय १९२४ सालीं निघालें. पुढें भारताचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोघेहि तेथलेच विद्यार्थी. या जुन्या संस्थांच्या जोडीस १९८७ नंतर एक नवी जात निर्माण झाली. बंगळूर येथें माधव मेनन यांच्या नेतृत्वाखालीं राष्ट्रीय विधि विद्यालय उभें राहिलें, बारावीनंतरचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम तेथें रुजला, आणि त्याच धर्तीवर निरनिराळ्या राज्यांत दोन डझनांवर विद्यापीठें निघालीं. महाराष्ट्रांत मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें तीं २०१४ ते २०१७ या काळांत सुरू झालीं. त्यांतील बहुतेकांचा प्रवेश "क्लॅट" या सामायिक परीक्षेनें होतो. ती २००८ पासून चालू आहे, दोन तासांची व इंग्रजींतून असते, आणि तींत पाठांतरापेक्षां उतारे भरभर वाचून अर्थ लावण्याची पारख होते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाची परीक्षा मात्र वेगळी. राज्यांतील इतर महाविद्यालयांसाठीं राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते, आणि ती मराठींतूनहि देतां येते.

राष्ट्रीय विद्यापीठांत ग्रंथालय समृद्ध, सहाध्यायी हुशार, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांचा सराव भरपूर, आणि शेवटच्या वर्षीं मोठमोठ्या विधिसंस्था स्वतः दाराशीं येऊन उमेदवार निवडतात. हें सारें खरें आहे. पण शुल्काचा आंकडाहि तितकाच खरा आहे. वर्षाला दोनतीन लाख, कांहीं ठिकाणीं त्याहूनहि अधिक; त्यांत राहण्याजेवण्याचा व प्रवासाचा खर्च मिळविला कीं पांच वर्षांत पंधरावीस लाखांची वाट लागते. उलट सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयाचें वर्षाचें शुल्क हजारांतच असतें.

समजा, सांगलीच्या एका सहकारी बँकेंतील कारकुनाची मुलगी आहे. हुशार आहे, खरेदीखताच्या परीक्षेंत उतरली आहे, आणि तिला आपल्याच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या जमिनींचे दावे चालवावयाचे आहेत. तिला राष्ट्रीय विद्यापीठांत जागा मिळाली. वडिलांनीं पंधरा लाखांचें कर्ज काढलें, शेंकडा दहा दरानें, दहा वर्षांत फेडावयाचें. त्याचा मासिक हप्ता सुमारें १९,८०० रुपये बसतो. आतां नवख्या वकिलाला ज्येष्ठांकडून काय मिळतें तें पाहावें. भारतीय विधिज्ञ परिषदेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें शिफारस केली कीं कनिष्ठ वकिलाला शहरांत दरमहा निदान २०,००० आणि ग्रामीण भागांत १५,००० रुपये द्यावे. ही शिफारस आहे, सक्ति नव्हे. आणि तिची जरूरी भासली यावरूनच प्रत्यक्षांत किती मिळत असेल याचा तर्क करतां येतो. म्हणजे शिफारशीप्रमाणें पुरता पगार हातीं पडला तरी हप्ता भरून सांगलीच्या त्या मुलीच्या हातीं जवळजवळ कांहींच उरावयाचें नाहीं. परिणाम ठरलेला. ती मुंबईच्या एखाद्या मोठ्या विधिसंस्थेंत कंपन्यांचे करारनामे तपासावयास जाईल, आणि शेतकऱ्यांचे दावे राहतील तेथेंच. तिला जी वकिली करावयाची होती ती तिच्या मनानें ठरविली नाहीं, कर्जाच्या कागदानें ठरविली. विधिसंस्थेचें काम हलकें आहे असा याचा अर्थ नव्हे. ज्याला तेंच करावयाचें आहे त्यानें राष्ट्रीय विद्यापीठासाठीं खुशाल कर्ज काढावें. तेथें तें फिटतें. शिष्यवृत्ति मिळत असेल तर प्रश्नच निराळा. पण ज्याला जिल्ह्याच्या न्यायालयांत पाय रोवावयाचे आहेत, त्यानें कर्ज टाळून जवळचें चांगलें महाविद्यालय धरावें, यांत कमीपणा नाहीं, हिशेब आहे.

चांगलें कोणतें हें माहितीपत्रकावरून कळत नाहीं. माहितीपत्रकांत हिरवळ असते, हंसरे विद्यार्थी असतात आणि सभागृहाचें छायाचित्र असतें. त्याऐवजीं एखाद्या कामाच्या दिवशीं, न सांगतां, महाविद्यालयांत जावें. तास खरोखर होतात काय? ग्रंथालयांत कोणी बसलेलें आहे काय? पूर्णवेळ शिक्षक किती, आणि त्यांपैकीं कितीजण पांच वर्षांपूर्वींहि तेथेंच होते? न्यायालय तेथून किती दूर आहे? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाहीं. चर्चगेटच्या महाविद्यालयांत सकाळचे तास आटोपून दुपारीं उच्च न्यायालयांत एखाद्या वकिलाच्या हाताखालीं उमेदवारी करावयाची, ही मुंबईची जुनी चाल आहे, आणि तिनें कित्येकांना पदवीआधींच धंद्याची वाट दाखविली. मुंबईंत तर सॉलिसिटर होण्याचा आणखी एक मार्ग आहे; सॉलिसिटरकडे तीन वर्षें करारबद्ध उमेदवारी करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावयाची. ती कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. जेथें हजेरी न लावतांहि पदवी मिळते असें कुजबुजत सांगितलें जातें, त्या महाविद्यालयाकडे मात्र फिरकूंहि नये. विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत शेंकडा ७० हजेरी सांगितलेली आहे, आणि घरबसल्या पत्रद्वारा घेतलेली कायद्याची पदवी सनदेसाठीं चालत नाहीं.

गोव्यांतील विद्यार्थ्याला जवळच्या महाविद्यालयाचा एक विशेष लाभ आहे. तेथें १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेंतील कांहीं प्रकरणें अद्याप लागू आहेत. ज्याला पणजी किंवा मडगांवास वकिली करावयाची आहे, त्यानें तो कायदा तेथेंच, तो जाणणाऱ्या माणसांकडून शिकावा हें बरें.

पांच वर्षांचा अभ्यासक्रम कीं तीन वर्षांचा, हाहि वाद घरोघर चालतो. पहिला बारावीनंतर, दुसरा पदवीनंतर. हिशेब केला तर तीन आणि तीन मिळून सहा वर्षें होतात. म्हणजे अंतर अवघें एका वर्षाचें. सतराव्या वर्षीं ज्याचें मन ठाम झालेलें नाहीं, त्याला ढकलून पांच वर्षांच्या गाडींत बसविण्यापेक्षां आधीं वाणिज्य, अर्थशास्त्र, इतिहास, अगदीं रसायनशास्त्र घेऊं द्यावें. विसाव्या वर्षीं त्याला कायदा हवा असेल तर तो येईलच; आणि वाणिज्य शिकलेल्याला करांच्या कायद्यांत व रसायन शिकलेल्याला पेटंटांच्या कायद्यांत जें पाठबळ मिळतें तें त्या एका वर्षाच्या मोबदल्यांत महाग नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांच्या पिढीनें आधीं बी. ए. व मग एल्एल्. बी. हाच क्रम पाळला होता. मन पक्कें असेल तर मात्र पांच वर्षांचा मार्ग सरळ आहे.

भाषेचा प्रश्न मराठी माध्यमांतील मुलांना फार भिववितो. उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें, सर्वोच्च न्यायालयाचेंहि तसेंच. तेव्हां इंग्रजी चांगलें यावयासच हवें, त्याला पळवाट नाहीं. पण महाराष्ट्रांतील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मुख्यतः मराठी आहे. साक्षीदार मराठींत बोलतो, तलाठ्याचा दाखला मराठींत असतो, आणि "वहिवाट", "कूळ", "बांध" या शब्दांचा अर्थ ज्याला पुस्तकाबाहेर ठाऊक आहे, तो उलटतपासणींत शहरी विद्यार्थ्याच्या दोन पावलें पुढें असतो. इंग्रजी पांच वर्षांत येऊं शकतें. बांध कोरणें म्हणजे काय, हें पांच वर्षांत शिकवितां येईलच असें नाहीं. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ कोल्हापुरास बसूं लागलें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील तरुणांना उच्च न्यायालयांत वकिली करावयाची म्हणजे मुंबईंत खोली शोधावयाची, ही जुनी सक्ति त्यामुळें बरीच सैल झाली. वर कल्पिलेल्या सांगलीच्या मुलीनें हीहि गोष्ट हिशेबांत धरावी.

पदवी हातीं आल्यावर काय काय उरतें, हें घरांतील वडील माणसांनीं आधींच समजून घेतलेलें बरें. राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडे नांव नोंदवावें लागतें. त्यासाठीं निरनिराळीं राज्यें हजारों रुपये घेत असत; सर्वोच्च न्यायालयानें ३० जुलै २०२४ रोजीं निकाल दिला कीं कायद्यांत सांगितलेल्या रकमेहून, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० व अनुसूचित जातीजमातींच्या उमेदवारास १२५ रुपये याहून, अधिक घेतां येणार नाहीं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. तिची वैधता घटनापीठानें फेब्रुवारी २०२३ मध्यें मान्य केली. आणि मग सुरू होतें तें खरें शिक्षण, ज्येष्ठ वकिलाच्या कचेरींतलें. तेथें शुल्क नाहीं, पदवी नाहीं, आणि पुष्कळदां वेतनहि नाहीं. अर्ज कसा लिहावा, पक्षकाराचें ऐकून त्यांतलें खरें कसें वेगळें काढावें, कारकुनाशीं व शिरस्तेदाराशीं कसें बोलावें, हें कोणत्याहि विद्यापीठांत शिकवीत नाहींत. म्हणून वकिलीच्या शिक्षणाचा खर्च पांच वर्षांचा धरूं नये, आठ वर्षांचा धरावा. पंचविशीनंतरहि तीन वर्षें घरानें पाठीशीं उभें राहण्याची तयारी आहे काय, हा प्रश्न प्रवेशअर्ज भरण्याआधीं वडिलांनीं स्वतःला विचारावा, आणि त्याचें उत्तर मुलाला स्पष्ट सांगावें. उत्तर "नाहीं" असेल तर त्यांत लाज नाहीं. तें लपविण्यांत मात्र मुलाचें नुकसान आहे.

न्यायाधीश होण्याच्या इच्छेनें पुष्कळ मुलें, विशेषतः मुली, कायद्याकडे वळतात. पदवीनंतर लगेच परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, होण्याची वाट मध्यंतरीं कित्येक वर्षें मोकळी होती. २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय देऊन त्या पदासाठीं निदान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायमूर्तींकडे विधि-लिपिक म्हणून केलेलें काम तींत धरलें जावें असेंहि सांगितलें. कांहींना ही अट जाचक वाटली, आणि पैशाचें पाठबळ नसलेल्या घरांना ती जाचकच आहे. तथापि ज्यानें एकहि दावा चालविलेला नाहीं, त्यानें इतरांच्या दाव्यांचा निकाल द्यावा, यांत विसंगति होती हेंहि नाकारतां यावयाचें नाहीं.

राहतां राहिलीं तीं घरें, जेथें वडील स्वतः वकील आहेत. तेथें प्रश्नच उद्भवत नाहीं असें समजलें जातें. कचेरी आहे, पक्षकार आहेत, भिंतभर कपाटांत निवाड्यांचे खंड रांगेनें उभे आहेत. मुलानें फक्त खुर्चीवर येऊन बसावयाचें. पण खरेदीखताची परीक्षा या मुलाचीहि घ्यावी, किंबहुना त्याची अधिक कसून घ्यावी, कारण दुसऱ्या घरांतील मुलाला "नाहीं" म्हणतां येतें, याला तें म्हणणें जड जातें. आणि कपाटाचा भरंवसा तर आतां कोणीच धरूं नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम अंमलांत आले, आणि १८६० च्या दंडसंहितेवरील तीं जाड भाष्यें एका दिवसांत मागच्या रांगेंत गेलीं. तीं रद्दींतहि घालतां येत नाहींत, कारण त्या तारखेपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू आहे आणि ते खटले अजून उभे आहेत. जो विद्यार्थी या काळांत कायद्याच्या वर्गांत पाऊल टाकतो, त्याला दोन्ही वाचावीं लागतात.